राखेचा अर्धा स्लॅब

नव्या स्लॅबखालून जाताना आजही माझी मान आपोआप आत जाते. अख्खी नोकरी काँक्रीटमध्ये गेली, केस वयाने पिकले की सिमेंटने हेही आता सांगता येत नाही, पण ही खोड काही सुटली नाही. सून म्हणते, "बाबा, तुम्हीच असं केलंत तर बाकीच्यांनी काय करायचं?" तिला काय सांगणार. भीती ही आमच्या धंद्यातली चांगली सवय आहे. ज्याला भीती वाटत नाही त्याच्या हाताखाली मी कधी काम केलं नाही.

अंकासाठी काही लिहा म्हणून बेंगळुरातल्या मराठी मंडळाच्या लोकांनी गळ घातली तेव्हा मी टाळत होतो. आठवीतून शाळा सोडलेल्या माणसाने लिहायचं म्हणजे गवंड्याने दागिने घडवायचे. पण मल्लेश्वरमच्या शारदक्कांची गोष्ट कुठेतरी लिहून ठेवावी असं फार दिवस मनात होतं. ती सांगतो.

आधी थोडं धंद्याचं, म्हणजे पुढचं कळेल. नव्वदच्या दशकाच्या शेवटी बेंगळुरात घरं वाढत होती, पण काँक्रीट अजून दारातच कालवलं जायचं. खडी-वाळूचे ढीग, सिमेंटच्या गोण्या, डोक्यावर घमेली घेतलेल्या बायकांची रांग. आमचा प्लांट होसकोटे रस्त्यावर होता. तिथे सगळं यंत्रावर मिसळायचं आणि पोट फिरवत जाणाऱ्या गाडीतून शहरात पाठवायचं. आमची गाडी गल्लीत शिरली की लोक पेपर खाली ठेवून बघत बसायचे.

प्लांटवर दोन उंच टाक्या होत्या. एकीत सिमेंट, दुसरीत राख. कोळसा जाळणाऱ्या वीजकेंद्राच्या धुरातून ही राख पकडतात. पिठीपेक्षा मऊ, हातात घेतली तर पाण्यासारखी बोटांतून निसटते. वीजकेंद्रांना तिचं काय करावं कळत नव्हतं, डोंगर साचले होते. आम्ही थोडं सिमेंट कमी करून त्या जागी ती घालायचो. आमचे साइट इंजिनियर प्रभाकर सर मला समजावून सांगायचे, "सुदाम, सिमेंट भराभर जेवून उठतं. पानात जे टाकतं ते राख सावकाश बसून खाते, आणि खाल्लेल्याला जागते." म्हणजे असं, की राखेचं काँक्रीट उशिरा ताकद धरतं, पण धरलं की घट्ट होतं, पाणी झिरपू देत नाही. अट एकच. त्याला जास्त दिवस ओलं ठेवावं लागतं. सुकलं तर राख उपाशीच राहते.

हे सगळं खरं असूनही प्लांटवर एक दंडक होता. गिऱ्हाइकासमोर राख हा शब्द काढायचा नाही. 'दुसरं सिमेंट' म्हणायचं. घराचा नकाशा करणाऱ्या इंजिनियरला माहीत असायचं, घरमालकाला सांगायची पद्धत नव्हती. मॅनेजर म्हणायचे, लोक साध्या गोष्टींना घाबरतात. ते खोटं नव्हतं. काँक्रीट किती पातळ आहे हे बघायला आम्ही एक पत्र्याचा शंकू भरतो आणि वर उचलतो, मग आतला ढीग थोडा खाली बसतो. ते बघून एका साहेबांनी "पडलं, पडलं" म्हणत अख्खी गाडी परत पाठवली होती. तो शंकू भरणारा मीच. साइटवर गाडीबरोबर जायचं, शंकू भरायचा, लोखंडी साच्यात तपासणीचे ठोकळे भरायचे, ही माझी नोकरी.

ती मिळाली कशी, तेही सांगायला हवं. माझं गाव मराठवाड्यात, वीजकेंद्राच्या चिमणीच्या पलीकडे. वारा फिरला की वाळत घातलेल्या पापडांवर राख बसायची आणि आई चिमणीकडे बघून तिला नावं ठेवायची. गावात बोअर मारायला एक तमिळ लोकांची गाडी आली होती, तिच्यावर हमाल म्हणून चढलो तो उतरलो बेंगळुरात. इथे कावीळ झाली. बोअरची गाडी पुढच्या कामाला निघून गेली. शेवटचं बोअर आम्ही ज्या प्लांटवर मारलं तिथल्या प्रभाकर सरांनी मला आधी दवाखान्यात नेलं आणि मग कामावर ठेवलं. दाखला नाही, कागद नाही. "मी जामीन," असं ते मॅनेजरना म्हणाले, हे मला दुसऱ्याकडून कळलं. त्यामुळे मी सतत घाबरलेला असायचो. माझ्या हातून काही झालं तर ते त्यांच्या माथी येणार होतं.

शारदक्कांचं घर मल्लेश्वरमला एका अरुंद आडव्या गल्लीत. तळमजला बांधलेला, वर नुसते खांब आणि त्यांतून आभाळाकडे बघणाऱ्या सळया. पुढेमागे वरचा मजला करू म्हणून त्यांच्या यजमानांनी त्या तशाच ठेवल्या होत्या. निवृत्तीनंतर कामाला हात घातला, आणि त्याच पावसाळ्यात ते गेले. अक्कांनी सुतक संपल्यावर काम पुन्हा सुरू करवलं. मुलगा-बिलगा कोणी नव्हतं. "यांनी काढलेलं काम आहे, ते उघडं ठेवणार नाही," एवढंच त्या सांगायच्या.

काँक्रीट पाइपातून वर चढवणारा पंप गल्लीत मावेल का ते बघायला गेलो होतो तेव्हा माझ्या पायात सळईचा तुकडा घुसला आणि तोंडून "आई गं" गेलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला, "मराठी का रे तू?"

तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठा फौजेबरोबर इकडे आलेलं अक्कांचं घराणं. त्यांचं मराठी कानडीत भिजलेलं, पण मराठीच. त्यांनी पायाला हळद लावली, समोर उप्पिट्टाची बशी ठेवली आणि म्हणाल्या, "तिंडी खा, तम्मा. इकडे एकटाच का? आईला पत्र तरी टाकतोस की नाही?" तिंडी म्हणजे न्याहारी, तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. बेंगळुरात तोवर मला सगळे 'ए मराठा' म्हणायचे.

स्लॅबचा दिवस थंडीतला होता. धनुर्मासातली सकाळ, गल्लीत धुकं. अक्कांनी पंपाला कुंकू लावलं, पहिल्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. काँक्रीटच्या दिवशी घरधन्याने सगळ्यांना जेवू घालायची इथली रीत, तशी मागच्या अंगणात चूल पेटली होती. वर आमची माणसं, गुडघाभर बुटांत. पाइपाचं तोंड धरलेला एक, काँक्रीट ओढणारे चार, आणि पट्टीने सपाट करणारा सेंटरिंगचा मेस्त्री, खालच्या लोखंडी प्लेटा आणि टेकूही त्याचेच. सगळं सुरळीत चाललं होतं. सरळ चाललेलं काम बघून मला नेहमीच धास्ती वाटते.

तिसरी गाडी मुनियप्पाची. तो त्या आठवड्यातच या गाडीवर आला होता, साधा माणूस. आपली पाळी येईपर्यंत तो फाटकाशी उभा होता आणि अक्कांनी त्याला ताक दिलं. त्यांनी सहज विचारलं, आधी कुठली गाडी चालवायचास? त्याने सहज सांगितलं, "बूदीची टाकी, अक्का. वीजकेंद्रापासून प्लांटपर्यंत. आता याच बूदीचं काँक्रीट घेऊन येतो." बूदी म्हणजे राख. दंडकाबद्दल त्याला कोणी बोललंच नव्हतं.

मी वर ठोकळे भरत होतो. जिन्यावर पावलं वाजली आणि अक्का आल्या. पदर खोचलेला, हातात ताकाचं भांडं तसंच. सळयांवरून चालत त्या थेट पाइपाच्या तोंडासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"निल्लिसी," त्या म्हणाल्या. थांबवा.

पाइपवाल्याने प्रभाकर सरांकडे बघितलं. सरांनी हात वर केला. पंप थांबला.

इथे मला थोडं थांबून सांगायला हवं. काँक्रीट ही थांबवायची वस्तू नाही. ते कालवलं त्या क्षणापासून घट्ट व्हायला निघालेलं असतं. स्लॅब अर्धा झाला आणि मध्येच भलत्या जागी थांबला, तर जुनं आणि नवं काँक्रीट एकजीव होत नाही, तिथे कायमची चीर राहते. पाइपात अडकलेलं काँक्रीट घट्ट झालं तर पाइप फेकावे लागतात. गाडीच्या पोटात झालं तर आत उतरून छिन्नीने फोडावं लागतं. आणि आम्ही थांबलो होतो ते हॉलच्या बरोबर मध्यावर, थांबू नये नेमक्या तिथे.

अक्का सरांशी कानडीत बोलल्या. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटत होती. यात राख आहे असं तुमचा ड्रायव्हर सांगतो, खरं का? सर म्हणाले, "अम्मा, ऑफिसला विचारून सांगतो." आणि शेजारच्या घरी फोन करायला खाली गेले. जाताना पंपवाल्याला म्हणाले, अधूनमधून एक झटका देत राहा, पाइप जिवंत ठेव. मला म्हणाले, "काँक्रीटच्या कडेवर ओली पोती टाक."

मी पोती भिजवून टाकत होतो. थोड्या थोड्या वेळाने पंप 'ठक' करायचा आणि पाइपातून काँक्रीटचा एक लोळा अक्कांच्या पायांपुढे पडायचा. त्या हलल्या नाहीत.

सर परत आले. मला पाण्याच्या टाकीमागे घेऊन गेले. आमची भाषा हिंदी-कानडीची खिचडी, इथे मराठीत लिहितो.

"मॅनेजर म्हणतात, सुदामला सांग तिच्या भाषेत बोलायला. सांग, राख नाही, ड्रायव्हर नवा आहे, त्याला काही कळत नाही."

"सर, पण…"

"मला माहीत आहे," ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "आजचा स्लॅब बिघडला तर तू आणि मी, दोघांनी उद्या यायचं नाही, असंही म्हणालेत."

मी गेलो. खाली मुनियप्पाच्या गाडीचं पोट घरघरत होतं आणि त्या आवाजावरून मला कळत होतं की माल दाटत चाललाय.

अक्कांनी मला जवळ येऊ दिलं. मग मराठीत विचारलं, "तम्मा, तू सांग. आहे का यात राख?"

त्यांनी कानडीत विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो, हे मला आजही ठाऊक आहे. हिंदीत तर सहज. त्या भाषांत मी पोटासाठी बोलायचो, तिथे काहीही बोलता यायचं. पण घर सोडल्यापासून मराठीत मला असं कोणी काही विचारलंच नव्हतं.

"आहे, अक्का," मी म्हणालो.

"किती दिवसांपासून माहीत आहे तुला?"

"पहिल्यापासून. सगळीकडेच घालतो आम्ही."

त्या खाली पसरलेल्या करड्या काँक्रीटकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "यांची राख मी श्रीरंगपट्टणाला नदीत सोडून आले. या हातांनी. एकदा घराबाहेर काढलेली राख परत घरात आणत नाहीत, एवढंही तुमच्यातल्या कोणाला वाटलं नाही?"

मी मूर्खासारखं म्हणालो, "अक्का, विभूती पण राखच असते…"

"विभूती कपाळाला लावतात. मला शिकवू नकोस." पंपाने 'ठक' केलं. "आणि ही कुठली, कोळशाची ना? मग कोळशाची आहे म्हणून सांगायचं होतं. मी ऐकलं असतं, नसतं, ते माझं मी बघितलं असतं. यांच्या घरात माझ्यापासून लपवून राख टाकलीत."

सर पुढे झाले. त्यांनी राखेची बाजू मांडली नाही, याचं मला अजून कौतुक वाटतं. ते म्हणाले, "अम्मा, चूक आमची. पण इथे थांबलो तर तुमचं छत मधोमध तडकेल. त्या तिकडे, चार हातांवर, थांबायची योग्य जागा आहे. तिथपर्यंत जाऊ द्या. खालच्या गाडीतला माल तेवढ्यालाच पुरेल. पुढचं नुसत्या सिमेंटचं करू, इथेच कालवून."

"खालच्या गाडीत राख आहे."

"आहे."

गल्लीतून मुनियप्पा ओरडला की माल आता फार वेळ थांबणार नाही. अक्का त्या आवाजाकडे वळल्या, मग माझ्याकडे. मी तेच ओलं पोतं कडेवर परत परत सारखं करत होतो. ते त्यांना दिसलं असावं.

"सरी," त्या म्हणाल्या. ठीक आहे. "तिथपर्यंत. पण ठेवायचं की फोडायचं ते मी ठरवणार. खालचे टेकू निघतील त्या दिवशी सांगेन."

त्या बाजूला झाल्या. पंप सुरू झाला, पण पाइपातून काही येईना. पाइप थरथरला, उसळला, धरणाऱ्याला त्याने गुडघ्यावर आणलं. सर पाइपाच्या सांध्यावर हातोडी मारत धावले. एकदा, दोनदा. आत काहीतरी सुटल्याचा आवाज आला आणि काँक्रीट आलं. सरांनी सांगितलेल्या जागी आम्ही फळी उभी केली आणि तिथे थांबलो. उरलेला अर्धा स्लॅब मेस्त्रीच्या माणसांनी दारात कालवून दुसऱ्या दिवशी भरला, नुसत्या सिमेंटचा. भराभर भरता यावा म्हणून त्यांनी पाणी जरा सढळ हाताने घातलं. सर ओरडले, मी बोललो, पण त्या दिवशी त्या घरात आमच्या शब्दाला कोण विचारतो.

जेवायला मात्र अक्कांनी सगळ्यांना बसवलं. मुनियप्पाला दोनदा वाढलं.

मॅनेजरनी मला बोलावून फार आरडाओरडा केला नाही. ते म्हणाले, "बाईंनी फोडायला सांगितलं तर फोडणारे मजूर घेऊन तूच जाशील, आणि तिकडूनच घरी." घरी म्हणजे कुठे, हे त्यांनी विचारलं नाही. सरांशी ते काय बोलले ते मला कळलं नाही, पण सरांनी त्या आठवड्यात माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

त्या अर्ध्या स्लॅबला पाणी कोण घालणार, हा पुढचा प्रश्न. थंडी होती, थंडीत राख आणखीच आळशी. मी अक्कांना सांगितलं, या भागाला महिनाभर तरी ओलं ठेवावं लागेल. त्या म्हणाल्या, "ज्याने घातलं त्याने सांभाळावं."

मग मी रोज पहाटे होसकोट्याकडून पहिली बस धरून शिवाजीनगरला यायचो, तिथून दुसरी बस मल्लेश्वरमला. मातीचे बांध घालून स्लॅबवर तळं केलं होतं, ते भरायचो आणि तसाच परत कामावर. पहिले काही दिवस अक्का बोलल्याच नाहीत. नळ सोडायच्या, दार लावायच्या. एकदा माझी बस चुकली, उशीर झाला. धावत आलो तर तळं भरलेलं. अक्का जिन्यात बादली घेऊन उभ्या होत्या, पाठीला हात लावून.

"सुकलं असतं," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून जिन्याच्या पायरीवर झाकलेली बशी असायची. कधी इडली, कधी तांदळाची अक्की रोटी. त्या समोर बसून गावाचं विचारायच्या. मी चिमणीचं सांगितलं, पापडांचं सांगितलं, प्लांटवरच्या 'दुसऱ्या सिमेंट'चंही सांगितलं.

"आणि तू इथे त्याच राखेवर जेवतोस, हे सांगितलंस का आईला?"

"नाही. सिमेंटच्या कंपनीत आहे म्हणून सांगितलंय."

अक्का पहिल्यांदा हसल्या. "तिलाही दुसरं सिमेंट का," त्या म्हणाल्या.

आठवड्याचे ठोकळे यंत्रात घालून फोडले तेव्हा राखेचे कमी भरले. तसे ते भरणारच होते, सरांनी आधीच सांगितलं होतं. पण जाणणं वेगळं आणि आकडा समोर बघणं वेगळं. मला जेवण गेलं नाही. मेस्त्रीने कुठून तरी ते ऐकलं आणि गल्लीभर सांगितलं. मग त्यालाच त्याच्या लोखंडी प्लेटा दुसऱ्या साइटवर हव्या झाल्या. मी एका सकाळी पोचलो तर तो खालचे टेकू सोडवायला माणसं घेऊन आलेला आणि अक्का जिन्याच्या तोंडाशी आडव्या उभ्या.

"तुमच्या भागाचं काय ते करा," त्या त्याला कानडीत सांगत होत्या. "राखेच्या भागाला हात लावायचा नाही. ते सावकाश होतं. त्याला वेळ लागतो."

मेस्त्री माझ्याकडे बघून म्हणाला, "ही तर म्हणत होती फोडा म्हणून."

"ते मी बघेन," अक्का म्हणाल्या.

पुढचे ठोकळे चांगले निघाले. सरांनी मला आकडा सांगितला तेव्हा पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवला. पण ठोकळा म्हणजे स्लॅब नव्हे. ठोकळ्याने पाइपातली ती थांबलेली वेळ बघितलेली नसते.

टेकू काढायचा दिवस आला तेव्हा संक्रांत उलटून गेली होती. नुसत्या सिमेंटचा भाग आधीच मोकळा झाला होता. आता फक्त आमचा भाग, खाली टेकूंचं जंगल. सर होते, मेस्त्री होता, मी होतो. अक्का खालून आल्या त्या एक चटई घेऊन. ती त्यांनी राखेच्या छताखाली, हॉलच्या मध्यावर अंथरली.

"बस," त्या मला म्हणाल्या.

सरांना वाटलं, अक्कांना कळलं नाही. "अम्मा, टेकू काढताना खाली कोणी थांबायचं नसतं. नियम आहे."

"मी तुमचा नियम विचारला नाही. याने मला खरं सांगितलं. आता छताबद्दलही सांगू दे."

आज माझ्या साइटवर कोणी असं केलं तर मी त्याला फाटकाबाहेर काढेन, मग तो कोणी का असेना. पण त्या दिवशी मी बसलो. सर म्हणाले, "सुदाम, उठ, तुझी नोकरी गेली तरी चालेल." मी उठलो नाही. हे धाडस नव्हतं. त्या स्लॅबखाली बसण्यापेक्षा तो फोडताना बघायची मला जास्त भीती वाटत होती.

सरांनी हातातली फाइल जमिनीवर ठेवली आणि मेस्त्रीला म्हणाले, "मधून सुरू कर. कडेकडे जा. सावकाश." मध्यावरचा टेकू आधी काढतात, म्हणजे स्लॅब हळूहळू स्वतःचं वजन घेतो. मध्यावर मी होतो.

पहिला घाव पडला. वरून धूळ आली. टेकू सुटून बाजूला पडला आणि मी डोळे मिटले.

शेजारी चटई दबली. डोळे उघडले तर अक्का बसल्या होत्या, मांडीत सूप, सुपात अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा. थंडीत मल्लेश्वरमचा बाजार या शेंगांच्या वासाने भरलेला असतो. त्यांनी एक शेंग सोलली.

"अक्का, तुम्ही उठा," मी म्हणालो.

"का? तू आहे म्हणालास ना?"

"मी राख आहे म्हणालो होतो. टिकेल असं नाही म्हणालो."

"मग आता म्हण."

दुसरा टेकू गेला. तिसरा. एक लोखंडी प्लेट काँक्रीटपासून सुटताना बंदुकीसारखी वाजली. मेस्त्रीची माणसं दोन पावलं मागे सरली. अक्कांचा हात शेंगेवर थांबला. मी वर बघितलं. करडं, सपाट छत. त्यावर प्लेटांच्या कडांचे ठसे उमटलेले. कुठे चीर दिसते का म्हणून मी बघत होतो आणि डोळ्यांत धूळ गेल्यामुळे सगळीकडेच चिरा दिसत होत्या.

"टिकेल, अक्का," मी म्हणालो.

"सोल मग," त्या म्हणाल्या, आणि मूठभर शेंगा माझ्या पुढ्यात टाकल्या.

शेवटचा टेकू निघेपर्यंत आम्ही शेंगा सोलत होतो. सर खांबाशी उभे होते, त्यांच्या कपाळावरचा घाम मला तिथून दिसत होता. सगळं मोकळं झाल्यावर त्यांनी दोरी लावून छत कुठे झुकलंय का ते तपासलं, दोनदा. मग ते अक्कांच्या समोर येऊन उभे राहिले, विचारायचं होतं, पण विचारेनात.

अक्का सूप घेऊन उठल्या. "ऊटाला थांबा," म्हणजे जेवायला, एवढंच म्हणाल्या. फोडण्याचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

प्लांटवरचा दंडक लगेच गेला नाही, पण सर त्यानंतर प्रत्येक घरमालकाला आधी भेटून राख आहे म्हणून सांगायला लागले. काही गिऱ्हाइकं गेली. मॅनेजर कुरकुरले. माझी नोकरी राहिली, वाढली, आणि तिच्यावर माझं घर उभं राहिलं. आईला मी त्याच उन्हाळ्यात खरं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आमच्या पापडांवरची पण घेऊन जा की."

पुढच्या पावसाळ्यात प्लांटवर अक्कांचा फोन आला. छत गळतंय, येऊन जा. बसमध्ये पूर्ण रस्ताभर काय सांगायचं ते जुळवत होतो.

वर गेलो. गळत होतं ते मेस्त्रीच्या बाजूला, नुसत्या सिमेंटच्या भागात. भिंतीवर ओलीचे मोठे डाग. त्यात राखेची फार बढाई नको, त्या भागात पाणी जास्त घातलं होतं आणि त्याला महिनाभर कोणी भिजवलंही नव्हतं. तरी माझा जीव भांड्यात पडला, हे कबूल करतो. मी डाग बघितले, कुठून झिरपतंय ते शोधलं, काय लावायचं ते सांगितलं.

मग लक्षात आलं, त्या ओल्या भिंतीवर एक खिळा मोकळा होता. भोवती फोटोच्या आकाराचा कोरडा चौकोन.

अक्कांच्या यजमानांचा फोटो, हार घातलेला, समोरच्या भिंतीवर होता. आमच्या भागात, बरोबर त्या जागेजवळ जिथे आम्ही शेंगा सोलल्या होत्या.

माझी नजर तिकडे गेलेली अक्कांनी बघितली. त्यांनी पदराने फोटोची काच उगाच पुसली.

"इकडे कोरडं आहे," त्या म्हणाल्या, आणि तिंडी आणायला खाली गेल्या.